टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायच्या आधीची तपासणी: जालना रोडवरच्या हार्मोन क्लिनिकचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरात जालना रोडला असलेल्या या हार्मोन क्लिनिकला मी पाचपैकी चार तारे देतो. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू करण्याआधी माणसाला जेवढं तपासायला पाहिजे तेवढं इथे खरोखर तपासतात, आणि तपासून झाल्यावर गरज पडली तर "तुम्हाला आत्ता देणार नाही" असं तोंडावर सांगतात. मला तसंच सांगितलं. तरी मी समाधानी आहे. सविस्तर लिहितोय, कारण आमच्या एमआयडीसीत आणि गावाकडे या इंजेक्शनची चौकशी करणारे हल्ली पुष्कळ झालेत, आणि आधी काय बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

माझं वय 46. जालन्यात रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. सळईचं काम, भट्टी चोवीस तास चालू, त्यामुळे पाळ्या फिरत्या. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या दोनेक वर्षांपासून अंगात काही जोरच राहिला नव्हता. जेवण झालं की बसल्या जागी डोळा लागायचा, पोट सुटलं होतं, बारीकसारीक गोष्टीवरून घरात चिडचिड व्हायची, आणि नवरा-बायकोच्या संबंधाची इच्छा जवळजवळ गेली होती. आपल्याकडे पुरुष एवढं सगळं "कमजोरी" या एका शब्दात गुंडाळून टाकतात. मी उघड लिहितोय, कारण डॉक्टरांनाही असंच उघड सांगावं लागतं. थकवा शंभर कारणांनी येतो. इच्छा कमी होणं आणि सकाळी उठताना येणारी ताठरता बंद होणं, ही लक्षणं टेस्टोस्टेरॉनच्या जास्त जवळची आहेत, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं.

या क्लिनिकच्या आधी मी दुसरीकडे पुरुषांच्या आरोग्याचं एक पॅकेज केलं होतं. त्या जागेचं नाव लिहीत नाही. रात्रपाळी करून, दिवसा थोडा झोपून, जेवून दुपारी चारच्या सुमाराला गेलो. रक्त घेतलं. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन 231 आलं, खाली लाल अक्षरात "कमी". समोरचा माणूस म्हणाला, आजच पहिलं इंजेक्शन घेऊन टाका, कोर्स घेतला तर सवलत आहे. बीपी बघितलं नाही, घोरता का विचारलं नाही, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का विचारलं नाही. माझ्या वडिलांना अटॅक येऊन गेलेला आहे. बायको सोबत होती, ती म्हणाली, "अहो, असं घाईनं काही टोचून घेऊ नका, आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवू." तिच्यामुळे आम्ही इथे आलो.

इथे पहिला प्रश्न आला तोच कामाचा. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट हातात घेतला, वरची वेळ बघितली आणि विचारलं, "आदल्या रात्री कामावर होतात?" हो म्हटल्यावर त्यांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला. टेस्टोस्टेरॉन झोपेच्या घड्याळावर चालतं. रात्री नीट झोपलेल्या माणसाचं पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. पोटात अन्न गेल्यावरही उतरतं. त्यामुळे नमुना सकाळीच आणि उपाशीपोटी घ्यायचा. रात्रपाळीवाल्याचं तर घड्याळच उलटं झालेलं असतं. ताप, इन्फेक्शन, नुकतंच झालेलं ऑपरेशन अशा वेळीही आकडा खाली येतो, तेव्हा आजारपणात ही टेस्ट करूच नये. मला सांगितलं की दिवसपाळी लावून घ्या, काही दिवस रात्री व्यवस्थित झोपा आणि मग सकाळी आठ-नऊला काही न खाता या. एका रिपोर्टवर निर्णय होत नाही, वेगवेगळ्या दिवशी दोनदा कमी आलं पाहिजे. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोन तज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे, सोबत लक्षणंही असली पाहिजेत असं आहे. अमेरिकेतल्या युरॉलॉजिस्टांची संघटना डेसिलिटरला 300 नॅनोग्रॅमच्या खाली कमी धरते, एंडोक्राइन सोसायटीने 264 ही खालची हद्द दिली आहे. म्हणजे 280-290 वाला माणूस एका हिशेबाने आजारी आणि दुसऱ्या हिशेबाने बरा. असल्या आकड्यावर घाई करण्यात काहीच अर्थ नाही, हे मला तिथे बसून समजलं.

मग प्रश्न सुरू झाले. कोणत्या गोळ्या, किती दिवस. जिममध्ये कधी काही टोचून घेतलंय का. गुडघेदुखीवर, दम्यावर कुठल्या पुड्या किंवा चूर्ण घेता का, कारण त्यात कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ते आपल्या शरीराचं टेस्टोस्टेरॉन दाबतं. तीव्र वेदनाशामकं, अफूच्या जातीची, तीही दाबतात. लहानपणी गालफुगी झाली होती का. अंडकोषाला मार लागला होता का. वास येतो ना व्यवस्थित. डोकं दुखतं का, बाजूचं दिसायला कमी झालंय का. आणि मूल हवंय का अजून.

या शेवटच्या प्रश्नावर जरा थांबतो, कारण आमच्या मिलमधली पंचवीस-तिशीची पोरं हे वाचतील अशी आशा आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी समजते की भरपूर आहे, आता आपण हुकूम द्यायची गरज नाही. ती एलएच आणि एफएसएच हे दोन्ही संदेश बंद करते, आणि ते संदेश बंद झाले की अंडकोषात शुक्राणू तयार होणं थांबत जातं. हे इतकं ठरलेलं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनचा पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केला होता, तो 1990 साली प्रसिद्ध झाला. ज्या इंजेक्शनने मर्दानगी वाढते असं जिममध्ये सांगतात, त्याच इंजेक्शनने मूल थांबतं. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने लागतात आणि हमी नाही. ज्याला येत्या वर्षा-दोन वर्षात मूल हवंय त्याला हे द्यायचंच नसतं, त्याच्यासाठी दुसरे उपचार आहेत. ज्या पोराचं लग्न ठरलंय त्याने हे वाचून तरी आधी हार्मोनच्या डॉक्टरकडे जावं.

अंगाची तपासणी पडद्यामागे, एक पुरुष अटेंडंट उभा. डॉक्टरांनी कपाटातून एक माळ काढली. बारा अंडाकृती मणी दोऱ्यात ओवलेले, हरभऱ्याहून थोड्या मोठ्या मण्यापासून चढत चढत थेट सुपारीच्या पुढे, आणि प्रत्येकावर आकडा, 1 पासून 25 पर्यंत मिलिलिटर. एका हाताने अंडकोष धरून दुसऱ्या हाताने मणी चाचपत मेळ घालायचा. मोठ्या माणसाचा साधारण 15 च्या पुढे भरतो. मिनिटभरात होतं, दुखत नाही, आणि त्या एका मापावरून डॉक्टरांना बरंच कळतं. मग छाती बघितली, दाढी-मिशी आणि अंगावरचे केस बघितले, बोटं हलवून बाजूची नजर तपासली. प्रोस्टेटसाठी गुदद्वारातून बोट घालून तपासणी केली. ती कुणालाच आवडत नाही, पण त्यांनी आधी काय करणार ते सांगितलं आणि करून झाल्यावर काय हाताला लागलं ते सांगितलं. गाठ किंवा कडकपणा लागला असता तर गोष्ट तिथेच थांबली असती. शेवटी टेपने गळ्याचा घेर मोजला. 44 सेंटिमीटर. तेव्हा मला वाटलं, गळ्याचं काय मधेच.

रक्ताची यादी मोठी होती: टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, अल्ब्युमिन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचं आणखी एक हार्मोन), थायरॉइड, तीन महिन्यांची शुगर, चरबी, लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी). पीएसएसाठी दोन दिवस आधी संबंध टाळायला सांगितलं, नाहीतर आकडा उगाच वाढलेला दिसतो. माझं टेस्टोस्टेरॉन सकाळी एकदा 318 आलं, दुसऱ्यांदा 287. म्हणजे दुपारच्या 231 पेक्षा बरंच वर. शिवाय एसएचबीजी कमी निघालं. हे रक्तात टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं प्रथिन. शुगर आणि वजन असलेल्या माणसात ते कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, वापरायला मिळणारं टेस्टोस्टेरॉन तेवढं कमी नसतं. टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन या तिन्ही आकड्यांवरून त्यांनी ते माझ्यासमोर काढून दाखवलं. हद्दीच्या आत होतं, खालच्या बाजूला. प्रोलॅक्टिन ठीक, थायरॉइड ठीक. मेंदूचा एमआरआय लागेल का विचारलं तर म्हणाले, 150 च्या खाली असतं आणि एलएचही कमी असता तर केला असता, तुम्हाला उगाच खर्चात टाकत नाही.

गडबड सीबीसीत होती. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा, 51.6 टक्के. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात. आधीच रक्त घट्ट असलेल्या माणसाला ते दिलं की आणखी घट्ट होतं आणि गुठळीची भीती. 2018 च्या त्याच सूचनांत 48 टक्क्यांच्या वर असेल तर सुरू करू नका असं आहे, आणि उपचार चालू असताना 54 च्या वर गेलं तर थांबवायचं. डॉक्टरांनी विचारलं, काम कुठे करता, भट्टीजवळ? घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी हा आकडा चढतो. म्हणून पाणी पिऊन, सुट्टीच्या दिवसानंतर पुन्हा काढायला लावला. पुन्हा 50 च्या वर. मग त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि विचारलं, "हे घोरतात का?"

ती म्हणाली, "घोरतात म्हणजे? मधेच श्वास थांबतो यांचा. मी हलवून उठवते." एवढी वर्षं ती हे करत होती आणि आम्ही दोघांनीही ते कुणा डॉक्टरला सांगण्यासारखं मानलं नव्हतं. गळ्याच्या टेपचा अर्थ तेव्हा लागला. झोपेची तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप, आणि एक लहान डबी रात्रभर नोंद घेते. रिपोर्ट आला, तासाला सरासरी 38 वेळा श्वास अडतो. 30 च्या पुढे गंभीर धरतात. रात्री वारंवार ऑक्सिजन उतरला की त्यानेही तांबड्या पेशी वाढू शकतात, बीपी वाढतं, दिवसा डोळे मिटतात, इच्छा मरते. मी ज्याला टेस्टोस्टेरॉनची कमजोरी समजत होतो त्यातलं किती झोपेचं होतं हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. आणि गंभीर स्लीप अॅप्निआवर, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या या आजारावर, उपचार न करता टेस्टोस्टेरॉन सुरू करायचं नसतं. पॅकेजवाल्याने त्या दुपारी टोचलं असतं तर घट्ट रक्त, अडकणारा श्वास आणि वडिलांचा हार्टचा इतिहास, या तिन्हीवर ते गेलं असतं. हे आठवलं की मला आजही राग येतो.

हार्टबद्दल मी मुद्दाम विचारलं, कारण व्हॉट्सअॅपवर दोन्ही टोकाचं फिरतं. डॉक्टरांनी 2023 साली आलेल्या मोठ्या अभ्यासाचं सांगितलं. 45 ते 80 वयाचे, हार्टचा आजार किंवा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष होते, काहींना टेस्टोस्टेरॉनचं जेल आणि काहींना औषध नसलेलं साधं जेल दिलं. अटॅक, पक्षाघात आणि हृदयामुळे मृत्यू यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉनवाल्यांत वाढलं नाही. पण ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी जाणं आणि किडनीला इजा होणं हे त्यांच्यात जास्त दिसलं. म्हणून ईसीजी काढतात, आणि सहा महिन्यांच्या आत अटॅक किंवा पक्षाघात झालेल्याला देत नाहीत. असं दोन्ही बाजूंनी सांगणारा डॉक्टर मला पहिल्यांदा भेटला.

मला आता सीपॅपचं मशिन दिलंय, भाड्याने. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन ते श्वास अडू देत नाही. आमच्याकडे रात्री लाईट जाते, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी नवी घ्यावी लागली. हे क्लिनिकने आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट केलं की मशिनने टेस्टोस्टेरॉन वाढेलच असं नाही, वजन उतरलं तर मात्र वाढतं. वजन 94 चं 87 झालंय, जेवल्यावरची झोप गेली, हिमॅटोक्रिट 48 च्या खाली आलं. संबंधांचं म्हणाल तर फरक आहे, पहिल्यासारखं झालं असं म्हणणार नाही. पुढचं टेस्टोस्टेरॉन बघून ठरवू म्हणालेत.

हे क्लिनिक सगळ्यांनाच नाही म्हणतं असं समजू नका. माझे साडू परतूर तालुक्यातले, वय 52. त्यांच्या आणि ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, परवानगीने लिहितो. माझं बघून तेही आले. ताईंच्या केसांच्या बायोटिनच्या गोळ्या तेही घेत होते. काही मशिनवर बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे चुकतात, म्हणून आधी त्या दोन-तीन दिवस बंद करायला लावल्या. सकाळचं टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा 160 च्या आसपास, आणि एलएच, एफएसएच दोन्ही खूप वाढलेले. म्हणजे मेंदू ओरडून सांगतोय आणि अंडकोषाकडून काम होत नाही. मण्यांच्या माळेत माप लहान भरलं. बाराव्या-तेराव्या वर्षी गालफुगी झाली होती आणि तेव्हा अंडकोष सुजून ते कित्येक दिवस पडून होते, हे त्यांना तिथे विचारल्यावर आठवलं.

त्यांना मूल झालं नाही. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. ताईंनी काय काय ऐकलं ते आमच्या घराला माहीत आहे. नवस झाले, उपास झाले, ताईंच्या सोनोग्राफ्या झाल्या, एकदा दुसऱ्या लग्नाची भाषाही झाली. साडूंची वीर्य तपासणी कुणी एकदासुद्धा सांगितली नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितले तेव्हा साडू ताईंकडे वळून एवढंच म्हणाले, "तुझं काहीच नव्हतं गं." ताई रडल्या नाहीत, त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हे लिहून देता का?" त्यांना तो कागद सासरी दाखवायचा होता. डॉक्टरांनी साडूंना विचारून, सरळ मराठीत लिहून दिलं. त्या एका कागदासाठी मी या क्लिनिकचा कायमचा ऋणी आहे.

साडूंची हाडंही तपासली, कारण टेस्टोस्टेरॉन खूप वर्षं कमी असलं की हाडं ठिसूळ होतात, आणि बांधावर साधं पडून त्यांचं मनगट मोडलं होतं. डेक्सा स्कॅनमध्ये घनता कमी आलीच. पीएसए 1.3, प्रोस्टेट मऊ, लघवीच्या तक्रारींचा प्रश्नसंच भरून घेतला, हिमॅटोक्रिट 41, घोरणं नाही, ईसीजी चांगला. मग सुरू केलं. जेल की इंजेक्शन हे घर बघून ठरवलं. पुतण्याचं लहान मूल दिवसभर त्यांच्या अंगाखांद्यावर असतं, आणि जेल कातडीवरून दुसऱ्याला, विशेषतः बायका-मुलांना लागू शकतं. म्हणून लांब पल्ल्याचं इंजेक्शन, पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, पुढे साधारण तीन महिन्यांनी. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तेलकट औषध असल्याने क्वचित खोकला, धाप लागू शकते. पीएसए आणि सीबीसी तीन-चार महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाला.

आता एक तारा का कापला ते. रिसेप्शनवर भरल्या हॉलमध्ये "टेस्टोस्टेरॉनवाले पेशंट कोण?" असं मोठ्याने विचारतात. ज्या विषयासाठी माणूस साठ किलोमीटर लांबून येतो तो विषय चारचौघांत पुकारायचा नसतो. मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पुढच्या वेळी पुन्हा तेच. प्रश्नसंच इंग्रजीत आहे. माझ्यासारखा भरतो, साडूंना बायकोच्या भाच्याकडून भरून घ्यावा लागला, आणि त्यात लघवी व संबंधांचे प्रश्न. हा तरी मराठीत छापा. शनिवारी गर्दीत तीन-तीन तास जातात. मंगळवार-बुधवार बरा.

खर्च: तपासणी फी हजाराच्या आत, रक्ताचा पूर्ण संच सहा-सात हजारांपर्यंत, झोपेची तपासणी वेगळी. लॅब बाहेरची चालते, पण दोन्ही वेळा एकच लॅब ठेवा, नाहीतर आकडे जुळत नाहीत. जालना, परभणी, बीडहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुक्कामाला यावं म्हणजे सकाळी आठला झोप झालेल्या अंगाने रक्त देता येतं. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, पुड्या घेत असाल तर पुडीसुद्धा सोबत आणा. आणि बायकोला आणा, घोरण्याचं तिलाच माहीत असतं.